टोकाचं पोस्टर

आमच्या विज्ञान संस्थेच्या वार्षिक संमेलनात पोस्टर लावायची जागा जिन्याखाली असते. नवे संशोधक आपापल्या पोस्टरशेजारी उभे राहून कुणीतरी थांबेल म्हणून वाट बघतात. यंदा अगदी टोकाला एक मुलगी होती. कुणी येताना दिसलं की ती ओढणी सारखी करायची; माणूस चहाकडे वळला की पोस्टरचा सुटलेला कोपरा उगाच दाबत राहायची.

आमचे जुने सर त्या टोकापासूनच सुरुवात करायचे. "मला यातलं काही कळत नाही, सांगतेस?" म्हणायचे आणि हातातला चहा निवेपर्यंत ऐकायचे. माझंही त्यांनी असंच ऐकलं होतं. यंदा ते नाहीत. सकाळी आम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिली. आता चहाच्या टेबलाभोवती त्यांच्याच आठवणी निघत होत्या, आणि टोकाला ती एकटी.

मी कप ठेवून तिच्याकडे गेले. "मला यातलं काही कळत नाही, सांगतेस?"

ती भरभरून बोलू लागली. मला खरंच काही कळत नव्हतं. माझा विषय सरांनाही कळला नसणार, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते तेवढा वेळ उभे राहिले होते.