बाबांची डावी बाजू

मी सिडनीत एका छोट्या स्टुडिओत सिनेमातलं नको ते पुसायचं काम करतो. इथल्या माळरानावर स्वस्तातले काऊबॉयपट निघतात. गोष्ट अमेरिकेतली, म्हणून मागची निलगिरीची झाडं पुसायची. आणि हीरोच्या कानातलं यंत्रही. हीरो म्हणजे एकेकाळचा मोठा स्टार, आता पार थकलेला. घोड्यावर पाठमोरा डुप्लिकेट, हा सिनेमाभर खुर्चीत. संवाद लक्षात राहत नाहीत. कोणीतरी कानात सांगतं, मग हा बोलतो. यंत्र पुसता येतं, डोळे नाही. उत्तराआधी ते क्षणभर थांबतात, ऐकत असल्यासारखे.

ते थांबणं मला एका रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसलं. पुण्यात, बाबांच्या डोळ्यांत.

"जेवलात का बाबा?"

त्यांनी डावीकडे पाहिलं. "जेवलो की. पडवळाची भाजी होती. तुझे काऊबॉय काय म्हणतात?"

"खुर्चीतून उठत नाहीत."

बाबा हसले, पण आधी डावीकडे बघून. तिथे आई होती, कॅमेऱ्याबाहेर.

मला तेव्हाच कळलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

इथवर कोणीही समजून घेईल. पुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नाशिकच्या आत्याला संशय आला होता. येऊन राहते म्हणत होती. आईला ते नको होतं. तिने आत्यासाठी बाबांचा व्हिडिओ काढून आधी मला पाठवला. "जरा नीट करून दे रे, तुझं तर कामच आहे." मी बाबांचं थांबणं कापलं, आईची कुजबुज पुसली. बाबा काय झोकात बोलले! आत्याचा मेसेज आला, "दादा तर ठणठणीत! मी उगाच घाबरले." ती आली नाही.

त्यानंतरच्याच एका रविवारी दुपारी मी सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या माझ्या घरून कॉल लावला. बाहेर शेजारी लॉन कापत होता. टॅबवर बाबा एकटेच.

"आई कुठंय?"

त्यांनी डावीकडे पाहिलं. वाट पाहिली. मग नजर सावकाश खाली गेली, फरशीवर, आणि तिथेच राहिली.

"बाबा, टॅब खाली वळवा."

त्यांनी तो हलवला नाही. मी बायकोच्या फोनवरून त्यांच्या शेजाऱ्यांना लावला. आई पहाटेपासूनच तिथे पडली होती, हे त्यांनी दार फोडल्यावर समजलं.

तोवर कॉल चालूच होता. बाबा खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

"सांग ना," ते हळूच म्हणाले, "काय म्हणू?"