माक्याचं तेल

तेल मागायला गेलं की मावशी बाटलीला हात लावायच्या नाहीत. "आधी डोकं दाखवा," म्हणायच्या आणि उंबऱ्यावर पाठमोरं बसवून बोटांनी केस बाजूला करत टाळू बघायच्या. शाळेत पोरांना दरडावणारी मी, सिडकोतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांदेखत मान खाली घालून बसायचे. तुम्हीही बसला असतात.

डेंग्यूनंतर माझे केस पुंजक्यांनी गळायला लागले तेव्हा म्हणाल्या, "बाई, हे तापाचं गळणं हाय. आपसूक थांबंल. तेल लावायचं तर लावा, पण केस आले की तेलाचं नाव काढू नका." असं सांगून कुणी धंदा करतं का? मावशी करायच्या. सायखेड्याहून बहीण नदीकाठचा माका पाठवायची. त्याचा रस खोबरेल तेलात घालून, तो पुरता आटेपर्यंत त्या कढईपासून हलायच्या नाहीत. कुणाच्या डोक्यात चाईचा टकला चट्टा किंवा फोड दिसला, तर मात्र बाटली मिळायचीच नाही. "हे चामडीच्या डाक्टरचं काम हाय. उद्याच जा."

स्वतःच्या डोक्यावर कायम पदर. झोपतानाही काढत नसतील, अशी आम्ही चेष्टा करायचो.

गेल्या वर्षी त्या पदरावर मला पिवळट डाग दिसला. "तेलवाल्या मावशींचा पदरही तेलकट!" मी म्हणाले. त्याही हसल्या आणि पदर आणखी पुढे ओढला.

पुढे दिवाळीच्या सुमारास त्या चक्कर येऊन दारातच पडल्या. आम्ही उचलायला गेलो, पदर सरकला आणि टाळूवरची चिघळलेली जखम दिसली. वर्षभर त्या तिच्यावर आपलंच तेल लावत होत्या.

"आम्हाला डॉक्टरकडे हाकलत होतात ना? मग तुम्ही का नाही गेलात?" मी अक्षरशः ओरडले.

"तेलवालीचंच डोकं असं म्हटल्यावर तेल कोण घेईल, बाई? दुसरं काय येतं मला?"

डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. तो मानेपर्यंत उतरला होता. दोन महिन्यांत मावशी गेल्या.

त्यांना नेल्यावर गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी डोक्यावरून न्हालो आणि ओले केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हाला बसलो. दाट, लांबसडक केस, बहुतेकींचे मावशींच्या हाताखालून गेलेले. शेजारची सून म्हणाली, "बाई, वर्षभर कुणाला कळलं कसं नाही हो?"

"पदर असायचा ना," मी म्हणाले.

मी तो डाग पाहिला होता, हे तिला सांगायचं धाडस माझं झालं नाही.