भोंगेवाल्या अण्णांचे कान

कुणाच्याही घरात किंवा दुकानात पाऊल टाकलं की भोंगेवाले अण्णा आधी नमस्कार करत नसत, टाळी वाजवत. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि एकच टाळी. घरची माणसं चहाचा ट्रे हातात धरून बघत राहायची. लातूरच्या एका सराफांच्या आईंना वाटलं आरती सुरू होतेय, तर त्या बिचाऱ्या गुडघे धरत उठून उभ्या राहिल्या. अण्णांना त्याचं काही नसे. आवाज भिंतींवरून फिरून येईपर्यंत ते कान देऊन उभे राहत आणि मग निकाल सांगत, "ही खोली लई बोलकी हाय. हिच्यात माणसाचं काय ऐकू यायचं न्हाई. दुसरी दावा." मग आम्हाला अख्खं घर दाखवलं जाई. स्वयंपाकघर, देवघर, एकदा तर थेट धान्याची कोठी.

आम्ही म्हणजे अण्णा आणि मी. मी लातूरची. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आले ती डोक्यात एक खूळ घेऊन. आपल्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या आणि छोट्यामोठ्या कारखानदारांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांचा मराठीत पॉडकास्ट करायचा. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "म्हणजे रेडिओच ना?" मी हो म्हटलं, कारण समजावत बसले असते तर जेवण गार झालं असतं. बाबांनी एक वर्ष दिलं. वर्षात हे उभं राहिलं तर ठीक, नाहीतर नांदेडला आत्याच्या ओळखीनं विम्याच्या ऑफिसात लागायचं. 

पहिली मुलाखत मी मोठ्या थाटात नांदेडच्या एका स्टुडिओत केली. स्पंजाच्या भिंती, एसी, फिरती खुर्ची. पाहुणे होते लातूरचे भांड्यांचे व्यापारी. दुकानात हा माणूस गिऱ्हाइकाला हसवत हसवत एका पातेल्याच्या जागी तीन घ्यायला लावतो. त्या फिरत्या खुर्चीत बसला आणि "आजच्या या स्पर्धेच्या युगात" असं जे सुरू झाला, तो चाळीस मिनिटं थांबला नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. बाबाच म्हणाले, भोंगेवाल्या अण्णांना एकदा विचार.

अण्णांनी तीस वर्षं लग्नांना, जत्रांना आणि सप्त्यांना लाउडस्पीकर लावले होते. पुढं डीजे आले. त्या कपाटाएवढ्या पेट्या काही अण्णांना पटल्या नाहीत, म्हणून त्यांनी भोंगे माळ्यावर टाकले आणि घरी बसले. मी गेले तेव्हा कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा आणि खिशात टेस्टर अशा तयारीत ते काहीही न करता ओट्यावर बसलेले होते. माझं रेकॉर्डिंग त्यांनी पाचच मिनिटं ऐकलं. म्हणाले, "माणसाला त्याच्या गादीवरून उठवलं की तो भाषण ठोकाया लागतो. चूक तुझी हाय, त्याची न्हाई."

मग त्यांच्या दुकानातच करू, असं मी म्हटलं. आम्ही गेलो. अण्णांनी टाळी वाजवली आणि दुकानातल्या सगळ्या घागरी, हंडे, ताटं एका सुरात गुणगुणायला लागली. तिथं मुलाखत घेणं शक्यच नव्हतं. अण्णांनी थोडा विचार केला, एक रिक्षा बोलावली आणि व्यापाऱ्यांची गादी, दोन लोड आणि पानाचा डबा त्यात घातला. ती सगळी वरात व्यापाऱ्यांच्याच साडूच्या साड्यांच्या दुकानात गेली. त्या दिवशी ते दुकान बंद होतं. चारी बाजूंनी छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे. गादी अंथरली, लोड लावले, डबा उजव्या हाताशी ठेवला. व्यापारी बसले, पान जुळवलं आणि जे बोलत सुटले की हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज असा स्वच्छ, की सुपारी कातरल्याचंसुद्धा ऐकू येत होतं.

तेव्हापासून तीच आमची रीत झाली. भिंतींना टांगायला पाच जाड वाकळा, त्या अडकवायला चार चिमटे, दोन कॉलर माईक आणि डबीएवढा रेकॉर्डर, एवढा आमचा स्टुडिओ अण्णांच्या स्कूटरवर मावायचा. पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत. फ्रिज बंद केला की अण्णा स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवत, म्हणजे निघताना तो सुरू करायची आठवण राहावी. लोहा गावात एका घरच्या वहिनींना ती लोण्याच्या वाटीशेजारी सापडली. हा पोरांचाच उद्योग असणार, असं समजून त्यांनी ती खिळ्याला अडकवली. अण्णांना किल्ली समोरच दिसली, फ्रिज बंदच राहिला आणि आम्ही निघून आलो. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, श्रीखंडाच्या चक्क्याची वाट लागली होती. अण्णा लातूरहून चक्का घेऊन परत लोह्याला गेले. मी म्हटलं, फोनवर माफी मागा की. तर म्हणाले, "माफीचं श्रीखंड होत न्हाई, पोरी."

बोलणं सुरू करण्याआधी त्यांना एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची असे. रिकाम्या खोलीचा आवाज हाताशी असला की मागाहून कापाकापी करताना जोड कळत नाही. हे मला पुढं कळलं, लोकांना कधीच कळलं नाही. अण्णांनी "आता एक मिनिट समद्यांनी शांत" म्हटलं की माणसं हमखास खाली मान घालून उभी राहत. एका आजींनी तर मिनिट संपल्यावर पदर डोळ्यांना लावून विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?" अण्णा म्हणाले, "कुणी न्हाई आजी, समदे हायेत." आजींना जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

पण सगळ्यात वर धर्माबाद. तिथल्या मिरचीच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं गोदाम बघून अण्णा हरखलेच. पोत्यावर पोतं, मधे बसण्यापुरती जागा. टाळी वाजवली तर जागच्या जागी विरली. "ह्याला म्हणत्यात खोली," अण्णा म्हणाले आणि त्यांना पहिली शिंक आली. दुसरी मला. मग ठसका, मग डोळे. शेठ मात्र जन्म तिथं गेल्यामुळं निवांत. शेवटी आम्ही त्यांना माईक लावून आत बसवलं आणि बाहेर रस्त्यावर येऊन मी फोनवरून प्रश्न विचारायला लागले. रस्त्याच्या गोंगाटात निम्मं कळलं नाही, तरी तासभर झकास काम झालं. घरी येऊन ऐकलं, तर जिथं जिथं आकडा यायला पाहिजे तिथं नुसती शांतता. शेठजींची हयात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात गेलेली. आकडा तोंडानं बोलायची त्यांना सवयच नाही. किती पोत्यांपासून सुरुवात केली, असं मी फोनवर विचारलं आणि त्यांनी त्या गोदामात एकट्यानं बसून मिरच्यांना बोटं दाखवली. अण्णा हसता हसता ओट्यावर आडवे झाले. मग पुन्हा धर्माबाद, पुन्हा शिंका.

असे अकरा महिने गेले. ऐकणारे वाढत होते, पण त्यावर पोट भरत नव्हतं आणि बाबा कॅलेंडरकडं बघायला लागले होते. तेवढ्यात नांदेडचे शेती अवजारांचे एक विक्रेते प्रायोजक व्हायला तयार झाले, तेही पूर्ण वर्षासाठी. त्यांची अट एकच होती. तीन नवे भाग ऐकवा, आवाज पुण्याच्या स्टुडिओच्या तोडीचा असला पाहिजे. दोन भाग झाले, उत्तम झाले. तिसरा मुरुडच्या कुसुमताईंचा. या बाईंनी शेंगाचटणी आणि काळा मसाला विकून दोन मुलींना इंजिनियर केलं होतं. आम्ही त्यांच्या माजघरात वाकळा टांगल्या, अण्णांनी कानाला हेडफोन लावला आणि शेवटी मला अंगठा दाखवला. इतकी सुंदर मुलाखत मी आयुष्यात घेतली नव्हती.

घरी आल्यावर मी ती हेडफोननं ऐकली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुसुमताईंच्या प्रत्येक वाक्याच्या मागं, एक बारीक शिट्टी होती. सुईसारखी, न थांबणारी. कुठल्यातरी विजेच्या डबड्याची. मला आधी अण्णांचा रागच आला. मी समोरच्या माणसाकडं बघायचं आणि अण्णांनी आवाजाकडं, अशी आमची वाटणी होती आणि हेडफोन त्यांच्याच कानावर होता. सकाळी तणतणत त्यांच्या ओट्यावर गेले आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ऐका. अण्णांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "साफ हाय. पाण्यावाणी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण हे कसं सांगायचं ते मला कळेना. सांगावं तर या माणसाचं जे काही होतं ते त्यांचे कान. न सांगावं तर आहे तोच भाग नांदेडला जाणार आणि माझं वर्ष संपणार. मी म्हटलं, "अण्णा, कुसुमताईंना एक गोष्ट परत सांगायचीये म्हणे. पुन्हा जाऊ या का?"

अण्णांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "खोटं बोलताना तू बोलायचा वेग वाढवतीस. तेवढं कळतं मला अजून. काय हाय त्याच्यात?"

मी सांगितलं. त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "वरचं गेलंय. साल झालं. डास कानाशी आला तरी पत्ता लागत न्हाई. तीस वर्षं भोंग्याखाली उभा राहिलो, भोंग्यांनी वसुली केली."

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस. एकदा बसून बघितलंय मी. लई वाईट असतं ते."

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी भांडते. मी म्हटलं, "घरी कोण बसवतंय? उद्या सात वाजता मुरुडला निघायचंय. हेडफोन मी घालणार आणि तुम्ही समोर बसायचं." अण्णा म्हणाले, "समोर बसून काय करू?" मी म्हटलं, "बोलतं करा बाईंना. एवढ्या जणांना केलंत की." ते वाकळा झटकायला उठले.

मुरुडला शिट्टी सापडायला मला पाऊण तास लागला. माजघरालगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात इन्व्हर्टर होता, त्याची. तो बंद केला आणि मी कान लावून बसले. अण्णा कुसुमताईंच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो माझ्या वहीत नव्हता. "बाई, पहिल्यांदा मसाला बिघडला तवा रडलात का?"  कुसुमताई म्हणाल्या, "रडले की. पण रडताना बी ढवळत होते, खाली लागंल म्हणून." पुढचा तासभर त्या माझ्याकडं बघितल्यासुद्धा नाहीत, सगळं अण्णांना सांगत राहिल्या. आदल्या मुलाखतीला मी सुंदर म्हणत होते. ती हिच्यापुढं काहीच नव्हती.

नांदेडच्या साहेबांनी तिन्ही भाग ऐकले आणि पुण्यात कुठं केलं, असं विचारलं. अण्णा म्हणाले, "तिसरा मुरुडात. पाच वाकळांत." साहेबांना वाटलं हे एखाद्या स्टुडिओचं नाव आहे. विम्याचं ऑफिस टळलं.  संध्याकाळी कटिंगच्या दुकानात बाबांनी सगळ्यांना सांगितलं की आमची पोरगी रेडिओत आहे.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही तसेच फिरलो, मी कानाला आणि अण्णा तोंडाला. मागच्या वर्षी अण्णांच्या घरच्या काकूंच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला, तेव्हा दोघं देगलूरला लेकीकडं राहायला गेले. निरोपाला मी गेले, तर त्यांनी पाचही वाकळा धुऊन, घडी करून ठेवलेल्या. मी फार रडले. अण्णा म्हणाले, "रडू नको, वाकळा वल्या होतील." मी त्या एकटीनं रिक्षात घालून घरी आणल्या. आता माझ्याबरोबर काम करायला चांगली शिकलेली माणसं आहेत, यंत्रंही भारी आहेत. तरी नव्या घरात शिरताना मला परकं परकं वाटतं.

गेल्या महिन्यात सकाळी अण्णांचा फोन आला. जावयानं कानाचं मशीन बसवून दिलं होतं आणि ते आमचे भाग पहिल्यापासून ऐकत बसले होते.

"पोरी, तुझा आवाज असा हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"कसा आहे?"

"बारीक किनार हाय त्याला. मी इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाचा तरी ऐकत होतो. तो जाडाभरडा होता." आणि वर म्हणाले, "हा चांगला हाय."

मी फोन बाजूला धरून डोळे पुसले. अण्णांना वाटलं फोन कट झाला, म्हणून त्यांनी दोनदा हॅलो हॅलो केलं आणि मग एकदम कामावर आले. "आणि काय गं, तुझा स लई फुसकारतो. 'सुरुवात' म्हणलीस की फुस्स. पहिल्या भागापासून हाय ते. सांगितलं न्हाई कुणी तुला?"

"कोण सांगणार, अण्णा?" मी म्हटलं.

 पलीकडं ते हसायला लागले, तसेच, धर्माबादच्या वेळेसारखे, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. ते मला हेडफोनशिवायही ऐकू आलं.

"आता सांगतोय न्हवं," ते म्हणाले. "माईक चार बोटं लांब धर. आणि पुन्हा म्हण बघू, सुरुवात."

मी म्हटलं, "सुरुवात."