पाठीवरचा कोरडा डाग

घोडीच्या पाठीवरून खोगीर उतरवलं. सगळी पाठ घामानं निथळत होती, फक्त खांद्यामागे तळहाताएवढा एक डाग कोरडा होता. आम्ही घोड्यावर लांब जाणारे लोक फेरी संपली की आधी पाठ बघतो. खोगीर जिथं फार दाबतं, तिथं घाम फुटतच नाही.

हे खोगीर माझ्याच पसंतीचं. दुकानात लाकडी घोड्यावर बसून मी एकेक बघत होतो, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, सोफा घ्यायला आलाय की खोगीर?" माझ्या कंबरेला जे मऊ लागलं ते घेतलं. घोडीच्या पाठीचं माप काढायचं राहूनच गेलं.

डाग मागच्या रविवारीही होता. मी त्यावरून हात फिरवला नि गप्प राहिलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. उद्या तर पठारावरची लांबची फेरी. सोसणारं जनावर लाथ मारत नाही, हे आपल्याला किती सोयीचं असतं. घरीही बदलीचं गाव, राहायची जागा, सगळं मी मला मानवेल तसंच निवडत आलो. बायको कधी रडली नाही, म्हणून मी निर्धास्त.

"पहाटेच निघायचं ना?" बायकोनं जवळ येऊन विचारलं.

"नको. हे खोगीर मला बरं आहे, हिला लागतंय. मला आठवडाभर माहीत होतं."

तिनं त्या डागावर तळहात ठेवला. "आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला?"

मी उचललेली पाण्याची बादली खाली ठेवली.

"बस," म्हटलं. "सांगतो."