काचेच्या बरणीतली बाग

नववीत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात एक बाग उगवून दाखवली. दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. बाईंनी काचेच्या बरणीत पाण्यासारखं दिसणारं दाट द्रावण ओतलं, त्यात मोरचुदाचे खडे टाकले, मग हिराकस, मग कोबाल्टचे बारीक तांबडे दाणे. मोरचूद आम्हाला आंब्याच्या कलमांवरच्या फवारणीमुळे माहीत होता, पण त्याला असे निळे कोंब फुटतात हे कोणाला ठाऊक होतं? हिराकसाचे हिरवे, कोबाल्टचे जांभळे. सगळे बघता बघता वर चढले.

तालुक्याच्या प्रदर्शनासाठी बाईंनी मला निवडलं. महिनाभर शाळा सुटल्यावर मी तेच करत होते. खडा केवढा घ्यायचा, तळाला वाळू किती, धक्का लागला की कोंब कसे मोडतात, सगळं हाताला कळलं. माझी मैत्रीण सोबतीला थांबायची. मी मोठ्याने सांगायचे, ती वहीत लिहून घ्यायची.

देवगडला प्रदर्शनाच्या सकाळी मी बरणी मांडली, खडे सोडले. मैत्रीणही वही घेऊन सोबत आली होती. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले तशा बाई हळूच म्हणाल्या, "तू आता बाहेर थांब. तुझ्या बोलण्यात 'आसा', 'नाय' असं मालवणी येतं गं. बोलायचं ते ती बोलेल."

मी दारात उभी राहिले. मैत्रीण माझीच वाक्यं शुद्ध करून बोलत होती. परीक्षकांनी विचारलं, "हे सगळं तू एकटीने केलंस?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई बरणीकडे बघत होत्या.

"हो, सर," ती म्हणाली.

दुसरा नंबर आला. एसटीत मैत्रिणीने मला खिडकीजवळची जागा दिली आणि मी ती घेतली.

आई मिठबावच्या किनाऱ्यावरून मासे घेऊन गावात विकायची. घरी शिरताच तिने विचारलं, "नंबर इलो?"

"दुसरो," मी म्हटलं. पुढचं तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकांना मासे देताना ती प्रत्येकीला सांगत होती. मी शेजारी बसून ऐकत होते.

पंधरा दिवसांनी शाळेत बक्षीस समारंभ झाला. आई त्या दिवशी मासे विकायला गेली नाही. केसांत अबोलीचा वळेसर माळून बायकांच्या रांगेत पुढे बसली. तालुक्याचा दुसरा क्रमांक म्हणून मैत्रिणीचं नाव पुकारलं गेलं. ती उठून गेली. आईने आधी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुठल्या स्पर्धेचं बक्षीस असेल, माझं नाव नंतर येईल. मग कार्यक्रम संपला, लोक उठले, तरी ती मंचाकडे बघत बसून राहिली.

घरी परतताना मी तिला सगळं सांगितलं. ती वाटेतच थांबली.

"बायनी तुका फसवल्यानी," ती म्हणाली. "पण माका आदी सांगूक नको? मी सगळ्या गावात सांगान इलंय."

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा बोलावलं तेव्हा मी नाही म्हणाले. मैत्रिणीशी कालांतराने बोलणं सुरू झालं. बाईंना मी माफ केलेलं नाही. पण आईने त्या गिऱ्हाईकांना नंतर काय सांगितलं, हे विचारायचं माझं धाडस कधीच झालं नाही.