गुडघ्याएवढी मोरपंखी

गोंदियात आम्ही रेल्वेतले दोन-चार पेन्शनर जमलो, की आमच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातल्या मोरपंखीची गोष्ट निघतेच. एक सांगून होत नाही तोच दुसरी आठवते. आणि दर वेळी चूक माझीच निघते!

साहेबानं ते रोप थंड हवेच्या गावाहून कुंडीतून मागवलं होतं. "बाबू, ये बुटका जात है. घुटने से ऊपर नहीं जाएगा. माली को बोलो," असं त्यानं मला बजावलं. मी त्याचा कारकून. फायलींच्या गडबडीत सांगायचं साफ विसरलो.

माळी होता केशोरी गावचा सदाशिव, हाडाचा धानकरी, भाताच्या बांध्यांत वाढलेला. त्यानं झाडाभोवती बांध घातला आणि पाणी तुंबवून ठेवलं. साहेबानं बुटानं बांध फोडला. सदाशिव दिवसभर मला विचारत होता, "धानाले पानी पायजे, तं याले काऊन नाही जी?"

मोरपंखीची डहाळी पुस्तकात ठेवली की विद्या येते, म्हणून परीक्षेच्या दिवसांत शाळेतली पोरं कुंपणाशी घुटमळायची. सदाशिव काठी घेऊन बसायचा. एकदा खुद्द हेडमास्तरच डहाळी मागायला आले. "तुमाले कायले विद्या?" त्यानं विचारलं. मास्तर खाली बघत म्हणाले, "उद्या इन्स्पेक्टर येऊन राहिले."

दर दिवाळीला साहेब छडी लावून झाड मोजायचा. छडीवरची पहिल्या वर्षीची खूण आणि झाडाचा शेंडा, दोन्ही जिथल्या तिथे! साहेब खूश होऊन हसायचा, सदाशिवची पाठ थोपटायचा. इकडे सदाशिवला अन्न गोड लागेना. शेती भावाला देऊन तो या नोकरीवर आलेला. "झाड वाढत नाही अन् साहेब हासून राहिला. आता काढून टाकते मले," असं तो बायकोजवळ बोलायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मग साहेब सहा महिने विलायतेला गेला. परतला, तर त्या जागी कमरेएवढी मोरपंखी! सदाशिवनं नागपूरहून आणून लावलेली. साहेब लालबुंद झाला. "मेरा झाड किधर है?"

तेव्हा कुठे मला आठवलं. झाड बुटकं राहावं म्हणूनच आणलं होतं, हे मी सदाशिवला तिथेच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. जुनं झाड अंगणात तुळशीशेजारी उभं होतं, हळदकुंकू लावलेलं. त्याच्यानं ते टाकवलं नव्हतं. साहेबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं छडी लावली. झाड खुणेच्या वर दोन बोटं गेलेलं.

साहेबानं वळून पाहिलं. सदाशिवनं घाईघाईनं हात जोडले.

"मी नाही वाढवलं जी साहेब. बायकोनं पानी घातलं."