चार तारांची ओल

सन अठ्ठावन्नच्या फाल्गुनात जळकोटच्या राघवेंद्र मास्तरांनी बॅटरीवरचा रेडिओ घेतला. नोकरी संपून वर्ष झालं होतं, बायकोला जाऊन तीन. प्रेमला ही एकुलती लेक, हैदराबादला दिलेली. आईच्या दिवसांना आली, ती शेवटची. आता तिचं पत्र आलं होतं. चैत्रातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला, ती हैदराबाद केंद्रावरून स्वतः लिहिलेली गोष्ट वाचणार होती.

तारा जोडायला नळदुर्गहून बंडप्पा आला. छपरावर एरियल ताणून झाल्यावर म्हणाला, जमिनीत तार नीट गेली नाही, वरची माती ओली राहिली नाही, तर नुसती खरखर ऐकाल. परसात न्हाणीचं पाणी पडायचं तिथं त्यानं हातभर खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून तांब्याचा पत्रा पुरला आणि पत्र्याला जोडलेल्या चार तारा चार दिशांना उथळ चरांत निजवल्या. वर दोन घागरी पाणी ओतलं.

"मास्तर, घरात माणसं किती? रोज पाच-सहा आंघोळी झाल्या की ओल आपसूक राहती."

"आहेत की," मास्तर म्हणाले.

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात ते एकटेच होते.

आठ दिवस आवाज खणखणीत आला. मग हळूहळू खरखर वाढली. मास्तरांनी मातीत बोट खुपसलं. चुलीतल्या राखेसारखी कोरडी. एका माणसाची आंघोळ ती केवढी! पाणी परसापर्यंत यायच्या आतच जिरायचं. मास्तर रोज एक बादली जास्त ओतू लागले, तर आडाचा तळ दिसायला लागला. गुरुवार दोन दिवसांवर आला.

शेजारची पार्वतम्मा कुडावरून बघत होती. तिच्या घरात लहानमोठी नऊ माणसं.

"मास्तर, अळू तर कवाच वाळून गेलं. पाणी कुणाला पाजताय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. बंडप्पाला दिलेलं उत्तरही. मग खाली बघत विचारलं, की गुरुवारच्या तुमच्या आंघोळी माझ्या न्हाणीत होतील का?

पार्वतम्मा पदर तोंडाला लावून हसली. "आमच्या अंगावरचं पाणी चालतंय व्हय तुमच्या मशिनीला? तुमच्या आईच्या वक्ताला त्या आमचा कुडाला हात लागू देत न्हवत्या."

"चालतं," मास्तर म्हणाले.

गुरुवारी सकाळी ती सगळी आपापलं पाणी घेऊन आली. दुपारपर्यंत न्हाणी रिकामी नव्हती. पोरांची रडारड, तांब्यांचे आवाज, कुणी साबण मागतंय, कुणी दार वाजवतंय. परसात चिखल झाला. मास्तर ओसरीवर बसून होते, पुस्तक उघडं, पान तेच.

साडेसहाला प्रेमलाचा आवाज आला. स्वच्छ. गोष्ट कशाची होती ते मास्तरांना नंतर नीट आठवेना. वाक्य संपताना ती जरा थांबते, तिची आई थांबायची तशी, एवढंच कळलं. दहा मिनिटं झाली आणि दुसराच कुणी बोलू लागला. मास्तरांनी रेडिओ बंद केला.

कुडावरून पार्वतम्मानं विचारलं, "आली का लेक?"

"आली."

ती वळली, तसे मास्तर घाईनं म्हणाले, "उद्याही लागेल जरा ओल."

"उद्या काय हाय?"

"बाजारभाव," मास्तर म्हणाले.

मास्तरांकडे वावर नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"धाडते पोरं," पार्वतम्मा म्हणाली. "पर साबण तुमचा."